४० रुपयाचं शाईचं पेन, चार महिने रोज वापरून

आधी एक सांगतो, मी पेनं गोळा करणारा माणूस नाही. बेळगावच्या मार्केट यार्डात एका अडत दुकानात हिशेब लिहितो, वीस वर्षं होत आली. कॉम्प्युटर आलाय, बिलं त्याच्यावर निघतात, खरं आमच्या मालकांना रोजकीर्द हातानं लिहिलेलीच लागते, संध्याकाळी वही समोर घेऊन एकेका ओळीवर बोट फिरवत वाचतात आणि मगच शटर ओढायला सांगतात. म्हणजे रोजची सात-आठ पानं ठरलेली, बटाटा-रताळ्याच्या हंगामात त्याहून जास्त.

मे महिन्यात उजव्या अंगठ्याच्या बुडात कळ यायला लागली. लिहिताना यायचीच, नंतर चहाचा कप उचलताना पण यायला लागली तेव्हा डॉक्टरला दाखवलं. डॉक्टर म्हणाले लिहिताना दाबता किती बघा, दाब कमी करा. आता बॉल पेननं दाब कमी करायचा म्हणजे कसा? त्याच्यात घट्ट तेलकट शाई असते आणि टोकाला बारीक गोळी, गोळी कागदावर फिरली तरच शाई खाली येणार आणि दाबल्याशिवाय गोळी नीट फिरत नाही. हंगेरीच्या लास्लो बिरोनं १९३८ साली या पेनाचं पेटंट घेतलं, शाई गळू नये आणि लगेच वाळावी हा त्याचा हेतू होता, तो सफल झाला यात शंका नाही, सगळं जग त्यानंच लिहितं. खरं आपल्या अंगठ्यावर त्याचा जो भार पडतो तो कुणी मोजत नाही.

जूनमध्ये पोरींच्या वह्या-पुस्तकं घ्यायला गणपत गल्लीत गेलो होतो. तिथनं खडे बाजारकडं वळताना एक जुनं स्टेशनरीचं दुकान आहे, बाहेर वह्यांचे गठ्ठे आणि आत अंधार. दुकानदार सत्तरीचे असतील, सगळे मामाच म्हणतात. मी विचारलं, "मामा, शाईचं पेन आहे काय ओ?" तर म्हणाले, "आहे की. कुणाला, पोरीला?" मी म्हटलं मलाच. त्यांनी वर बघितलं, काही बोलले नाहीत, स्टुलावर चढून वरच्या फळीवरनं एक पुठ्ठ्याचा खोका काढला आणि माझ्यासमोर दहा-बारा पेनं ओतली. साधी प्लॅस्टिकची, ड्रॉपरनं शाई भरायची, पोट पारदर्शक. किंमत ४० रुपये.

त्यानंतर जे झालं त्याच्यासाठी हा सगळा रिव्ह्यू लिहालोय. मामांनी भिंग काढलं आणि एकेका पेनाची निब उजेडाकडं धरून बघायला लागले. मलाही दाखवलं. निबला मधोमध चीर असते, तिच्यामुळे टोकाचे दोन दात होतात, हे दोन्ही दात एकाच पातळीत पाहिजेत, एक वर एक खाली असेल तर ते पेन कागद ओरबाडतंय. आणि चीर टोकाकडं अगदी बारीक होत जायला पाहिजे, खरं टोकाला गच्च मिटलेली नको आणि फाकलेली तर मुळीच नको. मग पाण्यात... नाही, शाईतच बुडवून कागदावर आडवा आठ काढायचा, न दाबता, नुसता पेनाच्या वजनानं. आठमध्ये सगळ्या दिशा येतात, कुठल्या दिशेला खरखर लागते ते लगेच कळतं. दहा-बारातली चार मामांनीच बाजूला काढली, म्हणाले ही विकायची नाहीत. उरलेल्यातली माझ्या हाताला दोन पटली, त्यातलं एक घेतलं. ४० रुपयाच्या गिऱ्हाइकाला त्यांनी अर्धा तास दिला, वर टिपकागदाचे दोन तुकडे तसेच दिले. ऑनलाईन पेन घेताना ही सोय नाही, येईल ते आपलं. स्वस्त पेनात हाच खरा फरक आहे, पेन वाईट नसतं, खरं दहा पेनं सारखी नसतात, म्हणून निवडून घेता आलं पाहिजे.

आता लिहिण्याचं. पहिले दोन दिवस हात सवयीनं दाबतच होता आणि रेघ जाड येत होती. तिसऱ्या दिवशी मी ठरवून पेन मागं धरलं, थोडं आडवं केलं आणि बोटं सैल सोडली. पेन नुसतं कागदाला टेकलं की शाई येते. का येते हे पण समजून घेतलं, कारण मला ते कळल्याशिवाय चैन पडत नाही. निबच्या खाली जी काळी जीभ असते तिच्यात बारीक खाचा असतात, त्या खाचांतनं शाई आपोआप ओढली जाते, जसं कंदिलाच्या वातीत रॉकेल चढतं तसं, आणि जेवढी शाई खाली जाते तेवढी हवा त्याच जिभेतनं वर पोटात जाते. हवा वर गेली नाही तर शाई तटते, जास्त गेली तर डाग पडतो. न्यूयॉर्कच्या लुईस वॉटरमननं १८८४ साली या जिभेचं पेटंट घेतलं. माझ्या ४० रुपयाच्या पेनात तत्त्व तेच आहे. महागड्या पेनात सोन्याची निब असेल, माझी स्टीलची आहे, खरं बहुतेक दोन्हीच्या टोकाला कठीण धातूचा दाणा बसवलेला असतो, कागदाला लागतो तो दाणा, सोनं लागत नाही.

आठवड्यात अंगठ्याची कळ निम्म्यानं कमी झाली, महिन्यात गेली. डॉक्टरच्या गोळ्या पण चालू होत्या त्यामुळे सगळं श्रेय पेनाला देत नाही. खरं परवा घाईत पूर्ण दिवस बॉल पेननं लिहिलं तर संध्याकाळी तीच जागा परत दुखली, त्यावरनं काय ते मला समजलं.

आमच्या हिकडच्या माणसाला अजून एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. मी दिवसभर तीन लिप्यांत लिहितो. कीर्द मराठीत, खरं बैलहोंगल-सौंदत्तीकडचे शेतकरी येतात त्यांच्या पावतीवर नाव-गाव कन्नडमध्ये लिहावं लागतं, आणि गोव्याच्या व्यापाऱ्यांचे पत्ते तेवढे इंग्लिशमध्ये. देवनागरीला शाईचं पेन फार मानवतं, हे मी शपथेवर सांगेन. शिरोरेषा! बॉल पेननं लांब रेघ ओढताना सुरवातीला रेघ उमटत नाही, मग मध्येच शाईचा गोळा येतो. निबनं एका शब्दावरनं अशी सरळ वाहत जाते की ओढताना हाताला बरं वाटतं. वेलांटीला मात्र निब चांगलीच पाहिजे, कारण वेलांटीला पेन खालनं वर ढकलावं लागतं आणि दात वाकडे असले तर नेमकं तिथंच कागदात रुततं. म्हणून दुकानात आठ काढून झाल्यावर "विठ्ठल किती" असं काहीतरी पण लिहून बघा, पहिली दुसरी दोन्ही वेलांट्या येतात.

कन्नडचं वेगळं. ती सगळी गोल वळणाची लिपी, वर छोटा तलकट्टु, म्हणजे अक्षराच्या डोक्यावरची रेघ, सोडला तर सरळ रेघ फार कमी. तिथं पेन सतत दिशा बदलतं आणि निबची खरी परीक्षा होते. माझं पेन कन्नडमध्ये थोडं जास्त शाई सोडतं, बारीक अक्षर काढलं तर गोलाच्या पोटात शाई भरून जाते. बारीक निब, ज्याच्यावर इंग्लिशमध्ये एफ लिहिलेलं असतं, ती घेतली तर हा त्रास कमी होईल असं वाटतं. माझ्या पेनाच्या निबवर काहीच लिहिलेलं नाही, मध्यम असावी.

जुलैमध्ये पेनाची आणि माझी दोघांची परीक्षा झाली. बेळगावचा पाऊस तुम्हाला माहीत आहे, पंधरा-पंधरा दिवस ऊन दिसत नाही, यार्डात पोती ओली, वही ओली, भिंतीला हात लावला तर भिंत ओली. दमट कागदावर शाई फुटते, अक्षराच्या कडेनं बारीक केस फुटल्यासारखे दिसतात. कीर्दीच्या वहीचा कागद जाड असतो, त्याच्यावर तरी कमी, खरं बिलाच्या पातळ कागदावर लिहिलं तर पाठच्या बाजूला सगळं उमटतं. मी काय केलं, वही रात्री कपाटात बल्बच्या वर ठेवायला लागलो, ऊब राहते, फरक पडला. आणि दुसरी गोष्ट, एका सकाळी पत्र्यातनं पाणी टपकलं आणि आदल्या दिवशीच्या दोन ओळी निळ्या पाण्यात वाहून गेल्या. रकमा बिलांवरनं परत लिहिल्या, नुकसान झालं नाही, खरं पोटात गोळा आला होता. साधी रॉयल ब्लू शाई पाण्यात विरघळते, हे पक्कं लक्षात ठेवा. चेक, दस्त, कोर्टाचे कागद या शाईनं लिहू नका. पूर्वी दस्ताला हिराकस आणि हिरड्यासारख्या तुरट फळांची शाई करायचे, ती हवा लागली की काळी पडत जायची आणि कागदात मुरायची, पाण्यानं सहज जायची नाही. आजोबा शहापुरात एका साडीवाल्या सावकाराकडं टाक-दौत घेऊन कीर्द लिहायचे, त्यांच्या वहीचं एक पान आमच्यात अजून आहे, अक्षर तपकिरी झालंय खरं वाचता येतं. तसली लोखंडाची शाई आजही मिळते, फक्त ती पेनात वाळू द्यायची नाही, स्टीलच्या निबला खाते.

पेनाची मोठी खोड एकच, आणि ती सगळ्या ड्रॉपरवाल्या पेनांची आहे. पोटातली शाई निम्म्याखाली गेली की वर हवा भरते, हाताच्या उबेनं ती हवा फुगते आणि शाईला खाली ढकलते, मग टपकन एक थेंब पडतो. मला पहिल्यांदा समजलंच नाही, ऑगस्टमध्ये रताळ्याच्या पावत्यांवर दोनदा डाग पडले, एकदा शर्टाच्या खिशात. मामांना जाऊन विचारलं तर म्हणाले, "अर्ध्याच्या खाली उतरू देऊ नको की, भरत जा." तेव्हापासनं निम्मी संपली की भरतो, परत डाग नाही. दुसरं, आट्यांतनं शाई झिरपत असेल तर घड्याळ दुरुस्तीवाल्याकडनं चिमूटभर सिलिकॉन ग्रीस आणून आट्यांना लावायचं. टोपण पण तेवढं घट्ट नाही, दोन दिवस सुट्टी पडली की निब वाळते आणि सकाळी पहिल्या ओळीला पाण्यात टेकवावी लागते.

आणि हो, कार्बन. शेतकऱ्याची पट्टी, म्हणजे त्याच्या मालाच्या विक्रीचा हिशेब, तीन प्रतीत असते, खाली दोन कार्बन. तिथं शाईचं पेन चालतच नाही, दाबलं तर निबचे दात फाकतात आणि पेन कायमचं जातं. पट्टीला बॉल पेन, कीर्दीला शाईचं पेन अशी वाटणी मी केलीय. आता दाबाचं लिहिणं दिवसातनं अर्धा-पाऊण तासच, तेवढं अंगठा सोसतो.

सप्टेंबरमध्ये दुसरं एक घेतलं, हिरो ६१६, शांघायच्या कंपनीचं. जुन्या लोकांना माहीत असेल, निब जवळजवळ सगळी झाकलेली, नुसतं टोक बाहेर. हे रूप मूळचं अमेरिकेच्या पार्कर ५१ चं, ते १९४१ साली बाजारात आलं, हिरोनं त्याच धर्तीवर स्वस्तातलं काढलं. आत रबरी नळी असते, निब शाईत बुडवायची, पाच-सहा वेळा दाबायचं, झालं, ड्रॉपरची कटकट नाही. झाकलेली असल्यामुळे निब लवकर वाळत नाही, आणि माझ्याकडं अजून थेंबही पडलेला नाही. १५० रुपये पडले. या नावाची नकली पेनं बाजारात बक्कळ आहेत म्हणून इथंही लिहून बघूनच घ्या. माझं नीट चाललंय, रेघ बारीक येते, कन्नडला हेच वापरालोय. शाई मात्र कमी मावते, एक दिवसाआड भरावी लागते. किर्दीला मी अजून ४० वालंच धरतो, त्याचं पोट जाड आहे, माझ्या बोटांना जाड पेन बरं पडतं.

शाई कॅमलची रॉयल ब्लू, ६० मिलीची बाटली, ३० रुपयाला मिळाली. ही कंपनी म्हणजे मुंबईच्या दांडेकर बंधूंची, १९३१ साली त्यांनी शाईची पूड आणि गोळ्या करून विकायला सुरवात केली, घोडा छाप नावानं, पुढं कॅमल आणि कॅम्लिन. आता जपानच्या कोकुयोचा त्याच्यात हिस्सा आहे. शाई पातळ आहे, वाहते छान, आठवडाभर पेन बंद राहिलं तरी धुतलं की मोकळं होतं. एक चूक करू नका, त्याच कपाटात चित्रकलेची वॉटरप्रूफ काळी शाई पण असते, बाटली बघायला सारखीच, ती पेनात भरली तर वाळून आत दगड होते आणि पेन फेकूनच द्यावं लागतं. बाटलीवर फौंटन पेन असं लिहिलंय का बघून घ्या.

पैशाचं सांगतो. मला महिन्याला १० रुपयाची दोन बॉल पेनं लागायची, चार महिन्यांची ८०. हिरो सोडून शाईचं पेन आणि बाटली मिळून ७०. म्हणजे पहिल्या चार महिन्यांत फार काही वाचलं नाही, पुढं वाचेल, कारण पेन तेच राहणार आणि फक्त ३० ची बाटली लागणार. माझ्या पेनात दोन मिलीच्या आसपास शाई मावते, निम्मी संपली की भरायची असली तरी एकूण हिशेब तोच, ६० मिली मला चार महिने पुरली. टेबलाच्या खणात रिकाम्या पेनांचा ढीग साठला नाही ही वेगळी गोष्ट, हमालांची पोरं ती घेऊन जायची.

धुणं अवघड नाही. दर दोन-तीन आठवड्यांनी रविवारी नळाचं साधं पाणी भरायचं, हलवायचं, ओतायचं, पाणी स्वच्छ येईपर्यंत. गरम पाणी नको, प्लॅस्टिक वाकतं. आमच्या नळाला राकसकोप धरणाचं पाणी येतं, ते चालतं, बोअरचं पाणी असेल तर मी वापरणार नाही, किटलीच्या बुडाला जो पांढरा थर बसतो तोच जिभेच्या खाचांत बसायचा.

कुणी घेऊ नये ते पण सांगतो. ज्याचं लिहिणं उभ्यानं, पायऱ्यांवर, बाइकच्या सीटवर कागद ठेवून चालतं त्यानं घेऊ नये. डावखुऱ्यांनी जरा विचार करून घ्या, ओल्या अक्षरांवरनं हात फिरतो. आणि ज्याला पेन उसनं द्यायची सवय आहे त्यानं दुसरं एक बॉल पेन खिशात ठेवावं, कारण दुसऱ्या माणसाला निब कशी धरायची माहीत नसतं, तो उलटी धरून दाबतो. आमच्या यार्डात रोज दहा माणसं पेन मागतात, त्यांना मी बॉल पेनच देतो, शाईचं कुणाला देत नाही, आणि याचा कुणाला राग आला तरी चालेल.

४०० किंवा ४००० चं पेन का नको असं एकानं विचारलं. मला ते परवडलं तरी मी यार्डात नेणार नाही. धूळ आहे, पोत्यांची तूस आहे, पेन टेबलावरनं फरशीवर पडतं, आठवड्यातनं एकदा तरी. ४० चं पडलं तर मी उचलून परत लिहायला लागतो. महाग पेन घरात डबीत बसून राहील आणि माझा अंगठा परत बॉल पेननं दुखेल. रोज हातात असतं, रोज लिहितं, म्हणून ते चालू राहतं, पडून राहिलेल्या पेनाचीच शाई वाळते.

थोरली नववीत आहे, मराठी मीडियम. तिचं कन्नड अक्षर मराठीपेक्षा चांगलं आहे, तिच्या कन्नडच्या बाईंनी वहीवर तसं लिहून दिलंय. तिनं माझं हिरो घेऊन आख्खा धडा उतरवला आणि म्हणाली, "पप्पा, हे पेन आपणहून जातंय." परीक्षेला लगेच वापरू नको म्हटलंय, आधी दोन महिने घरच्या अभ्यासाला वापर, हात बसू दे, नाहीतर तीन तासाच्या पेपरात शाई संपली तर पंचाईत.

बाटली आता तळाला आलीय. शनिवारी यार्ड सुटल्यावर मामांच्याकडं जाणार आहे, एक निळी, एक लाल, लाल शाई मागवून ठेवतो म्हणालेत, आणि थोरलीला सोबत नेणार, तिचं पेन तिनंच भिंगातनं बघून निवडायचं असं ठरलंय.